आलापल्लीत डबस्टेप

लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगच्या दुकानात गिऱ्हाईक सीडी घेऊन जातं आणि किस्सा ठेवून जातं. आम्ही तो कधी मागितला नाही, पण ठेवलेला परत न्यायलाही कोणी आलं नाही. आता इतके साचलेत की जुना कोणाच्या तरी गळ्यात मारल्याशिवाय नव्याला जागा होत नाही. मी थकलोय. सांगून मोकळा होतो.

आलापल्लीच्या चौकात आमचं दुकान. कॅमेरा माझा, कॉम्प्युटर सलीमचा. मी शूट करायचो, तो मिक्सिंग करायचा. दोन हजार आठ-नऊचा सुमार असेल. नवरा-नवरी गुलाबातून बाहेर आले, बदामात बसले, चंद्रावरून हात हलवला, की लोक खूश! पण सलीमचा मावसभाऊ नागपूरला सायबर कॅफेत लागला आणि आमचं वाटोळं झालं. तो देशोदेशीचे डबस्टेप नावाच्या गाण्यांचे व्हिडिओ उतरवून सीडीवर पाठवायचा. डबस्टेप म्हणजे काय, हे सलीमने मला पुष्कळदा समजावलं. माझ्या डोक्यात एवढंच शिरलं की आधी बराच वेळ काही होत नाही, मग एकदम सगळं बंद पडतं, आणि मग छातीत कोणीतरी मुसळ घालतं.

सलीमची इच्छा एकच. यातला एक तरी व्हिडिओ कोणीतरी शेवटपर्यंत बघावा. कोणीतरी म्हणजे कोण, तेही मला ठाऊक होतं. त्याचे अब्बा, याकूबचाचा. त्यांनी उभा जन्म आरा मशीनवर सागवान चिरलं, कानही तिथेच गेले. रोज संध्याकाळी घरी आले की आधी पायरीवर थांबायचे. बाह्या झटकायचे, डोकं झटकायचे, टोपी पायरीवर आपटायचे. भुशाचा सडा पडायचा. मग ओरडायचे, "पायरी झाड ले रे!" आणि लहानगा सलीम झाडू घेऊन धावायचा. मोठा झाल्यावर त्याने मशीनवर जायला नकार दिला आणि दुकान टाकलं. तेव्हापासून चाचांनी दुकानात पाऊल ठेवलं नव्हतं. "मशीन का आवाज बहोत सुना मैंने. अब तेरा कायको सुनूं?" एवढंच म्हणायचे. बापलेकांच्या मधे मी. दोघांची समजूत काढून काढून माझाच जीव मेटाकुटीला यायचा.

०

पहिली सीडी इंग्लंडची. भुरभुर पाऊस, रिकामा रस्ता, डोक्यावर टोपडं ओढलेला एक माणूस चालतोय. चालतोय. चालतोच आहे. समोरचा चहावाला गजूभाऊ ग्लास ठेवायला आला होता, तोही बघत उभा राहिला. तेवढ्यात मुसळ पडलं! टेबलावरचा ग्लास सरकत सरकत काठाशी आला. गजूभाऊने तो झेलला.

"सलीमभाऊ, स्पीकर फाटला का जी?"

"नाई बा, गाणंच असं आहे."

"मंग स्पीकर राहू दे, गाण्यालेच दुरुस्तीले टाक!"

०

जपानच्या व्हिडिओत एक पोरगी झटके खात नाचायची. एक पाऊल पुढे, तेच पाऊल मागे, पुन्हा पुढे. सलीम म्हणाला, "भाऊ, काय कटिंग आहे!" त्याचं असं काही ऐकलं की मला पुढच्या लग्नाची धास्ती वाटायची.

धास्ती खरी ठरली. पुढच्याच लग्नात त्याने वरमालेचं शूटिंग तसं कापलं. सीडी घेऊन नवरीचा मामा दुकानात हजर.

"पोरगी हार घेऊन तीनदा समोर गेली अन् तीनदा वापस आली. सारे पाव्हणे मले विचारून राह्यले, पोरीले नवरा पसंत नव्हता काऊन?"

ती सीडी आम्ही पुन्हा करून दिली. गुलाबातून.

०

तरी सलीम ऐकेना. एका लग्नात त्याने मंगलाष्टकांवर हात टाकला. 'शुभमंगल सावधान' झालं, अक्षता उडाल्या आणि हवेतच थांबल्या. आवाज बंद. सगळं शांत. मग धडाम्!

खरं सांगतो, तेवढं मलाही आवडलं होतं. अंगावर काटा आला होता. पण सीडी पोचवायला मीच गेलो होतो, आणि घरच्यांनी मला चहाला बसवून ती लावली. पहिल्या दणक्याला नवऱ्याची आजी पलंगावरून उठली ती थेट अंगणात.

"धावा रे! मांडव पडला!"

लग्न होऊन दोन महिने झाले होते. मांडवाचे बांबूसुद्धा कुंपणाला लागले होते. आजीला आत आणता आणता माझा चहा निवला, आणि त्या रात्री सगळ्या अक्षतांवर सनई चढवत बसावं लागलं.

०

अमेरिकेच्या व्हिडिओत एक अजस्र सरडा शहरातून चालायचा. प्रत्येक पावलाला मुसळ, प्रत्येक मुसळाला एक इमारत भुईसपाट. आमच्या ओळखीचा एक फॉरेस्ट गार्ड नेमका जंगलातून फिरून आलेला, दमलेला. बाकावर टेकून त्याने अर्धा बघितला.

"एवढं मोठं जनावर बस्तीत घुसलं, अन् पंचनाम्याले कोणीच नाई?"

सलीम आशेने म्हणाला, "पुढं पाहा ना जी."

"नाई बा! दिवसभर तेच, अन् इथी येऊन पुन्हा तेच?" गार्ड उठून गेला.

०

शेवटपर्यंत कोणी टिकलं तर ते चामोर्शीकडे. मारोतीभाऊ धान करायचे आणि रानडुकरांनी जेरीला आले होते. त्यांना कोणीतरी सांगितलं, सलीमकडे भयंकर आवाजाची सीडी आहे. घेऊन गेले, मचाणाखाली स्पीकरचा बॉक्स लावला. पुढच्या बाजाराला तोंड पाडून आले.

"पयले पयले पळाली डुकरं. आता धानाच्या बांधीत येऊन बसून राहतेत जी. सीडी संपली का मंग जातेत."

"पूर्ण ऐकतात?" सलीमने विचारलं.

"पूर्ण! पिल्लंबी आणतेत!"

सलीम हसला. मग स्क्रीनकडे वळला. मला त्याची फार कीव आली.

०

त्यानंतर एक दिवस तो माझा कॅमेरा मागून घेऊन चाचांच्या जुन्या आरा मशीनवर गेला. पट्टा, पातं, ओंडका, उडणारा भुसा, सगळं शूट केलं. पातं सागवानात शिरतं तो आवाज ओढून, जाड करून त्याने त्याचंच मुसळ बनवलं. मी बघितलं आणि विचारलं, "यात लग्न कोणाचं आहे?"

"कोणाचंच नाई."

"मग घेईल कोण?"

त्याने आवाज आणखी वाढवला. गजूभाऊला तो व्हिडिओ दाखवला, तो सुरुवातीलाच उठला.

त्या आठवड्यात सलीमच्या अम्मीला ताप होता, म्हणून दुपारचा डबा घेऊन याकूबचाचा आले. पहिल्यांदा. रस्त्यावरूनच डबा पुढे करत होते, पण सलीम स्क्रीनकडे तोंड करून बसलेला, आवाजात त्याला हाक ऐकू गेली नाही. चाचा नाइलाजाने आत आले आणि डबा स्पीकरच्या बॉक्सवर ठेवला.

डब्याचं झाकण थरथरायला लागलं.

चाचांनी झाकण दाबून धरलं. मग डबा उचलून खाली ठेवला आणि बॉक्सवर तळहात टेकवला. स्क्रीनवर ओंडका पुढे सरकत होता. सलीमने मागे वळून बघितलं आणि तसाच थिजला. मी डोळ्यांनीच त्याला दटावलं, बंद करू नको.

मुसळ पडलं. चाचांचा हात हलला नाही. गजूभाऊ ग्लास न्यायला आला, त्याला मी दारातच थांबवलं. व्हिडिओ चालत राहिला आणि चाचा हात टेकवून उभे राहिले. पातं थांबलं, भुसा खाली बसला, स्क्रीन काळी झाली.

चाचांनी हात काढून घेतला. दारात गेले. मशीन सोडून त्यांना कितीतरी वर्षं झाली होती, अंगावर धुतलेला पांढरा सदरा होता. पायरीवर थांबून त्यांनी बाह्या झटकल्या. डोकं झटकलं. टोपी काढून पायरीवर आपटली, पुन्हा घातली आणि मागे न बघता ओरडले,

"पायरी झाड ले रे!"