डोणीतलं लाकूड

भागोजी भाटकर दारात आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचा, मग काम विचारायचा. तांब्या पुढे करण्याआधी त्यातला एक थेंब तळहातावर घेऊन जिभेला लावायचा. धुतलेला सदरा कधी उन्हात टाकायचा नाही, पडवीत सावलीला घालायचा. विडीचे दोन झुरके घ्यायचा आणि उरलेली विझवून कानावर ठेवायचा. ती दिवसभर तिथेच राहायची. बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचा. ऐकणाऱ्याला वाटायचं, आता काहीतरी मोठं सांगणार. तेवढ्यात तो उठायचा आणि म्हणायचा, "चल बावा, पाणी बदलायचा हाय."

भागोजीला पोचवून स्मशानातून परतताना हरिहरला हे एवढंच आठवत होतं. मोठं असं काही आठवत नव्हतं. सकाळी जिवंत असलेला माणूस दुपारी गेला होता, आणि संध्याकाळी त्याची राख मिऱ्या गावच्या वाऱ्यावर उडत होती. हरिहर गावातलाच, मराठी घेऊन बीए झालेला. पण परतीच्या वाटेवर कुणी काही विचारलं, तर त्याला नुसतं "हो" म्हणता येत होतं.

दीड वर्षापूर्वी तो भागोजीकडे पहिल्यांदा गेला तो सोन्यासाठी. भागोजी नुकताच परदेशातून आला होता. तीस वर्षं खलाशी म्हणून बोटीबोटींवर राबलेला, लग्न राहून गेलेलं. शेवटची दोन वर्षं त्याने प्रशांत महासागरातल्या एका बेटापाशी काढली होती. तीनशे-साडेतीनशे वर्षांमागे मनिलाहून माल भरून निघालेलं एक स्पॅनिश गलबत तिथल्या खडकावर फुटलं होतं. एक कंपनी ते समुद्रातून वर काढत होती, आणि भागोजी तिच्या बोटीवर होता. ही बातमी त्याच्या आधी घरी पोचली. मुंबईला कस्टमवाल्यांनी त्याची पेटी दोनदा उलटीपालटी केली. रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर चार भाऊबंद ती पेटी उचलायला हजर होते. उचलल्यावर ती हलकी लागली, तेव्हा त्यांना वाटलं, माणूस हुशार आहे.

हरिहरला त्या गलबताची हकिगत ऐकायची होती. त्याने विचारलं, सोनं पाहिलंत का. भागोजी म्हणाला, पाहिलं. साखळ्या होत्या, कंगवे होते, खडे बसवलेल्या गुंड्या होत्या. पाणबुडे वर आणायचे, साहेब फडक्याने पुसायचा आणि पेटीत बंद करायचा. त्यात त्याचं काम नव्हतं.

"सोन्याला काय लागत नाय रे. तीनशे वर्षं पाण्यात राहिला तरी पुसला की झाला. लागतं ता बाकीच्याला."

बाकीचं म्हणजे लाकूड, दोरखंड, लोखंड, मातीच्या बरण्या. ते तसंच वाऱ्यावर ठेवलं तर सुकताना त्यातलं मीठ फुलतं आणि वस्तूचा भुगा होतो. म्हणून किनाऱ्यावर छपराखाली टाक्या बांधल्या होत्या. आधी समुद्राचंच पाणी, मग त्यात थोडं गोडं, मग जास्त गोडं. ते पाणी उपसायचं, नवं भरायचं, आणि परत उपसायचं. मीठ किती उरलं हे साहेब यंत्राने मोजायचा. भागोजीला जिभेची सवय लागली. दोन वर्षं त्याने एवढंच केलं. एका टाकीत एक लाकडी फणी होती, कुणा बाईची असावी. ती तयार व्हायच्या आतच त्याचा करार संपला. तिचं पुढे काय झालं ते त्याला कळलं नाही.

हरिहर त्या दिवशी निराश होऊन घरी आला. पुढच्या रविवारी मात्र परत गेला. मग जातच राहिला.

भागोजी राहायचा तो भावाच्या घरात. भाऊ शिवा आता नव्हता. सहा वर्षांपूर्वी पावसाआधी हंगाम आवरताआवरता त्याची होडी खाडीच्या तोंडाशी उलटली. शिवाही मिळाला नाही आणि होडीही नाही. दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. भागोजी तेव्हा दुसऱ्याच कुठल्या बोटीवर होता. त्याला खबर मिळाली तेव्हा वर्षश्राद्ध जवळ आलं होतं. घरात आता शिवाची बायको विमला होती आणि मुलगा बाबू. बाबू दुसऱ्याच्या ट्रॉलरवर जायचा. त्याला स्वतःची होडी बांधायची होती.

गेल्या दिवाळीनंतर एका ट्रॉलरच्या जाळ्यात खाडीच्या तोंडाशी काहीतरी अडकलं. ओढून काढलं तर लाकडाचा हातभर तुकडा, होडीच्या नाळेचा, म्हणजे पुढच्या टोकाचा. चिखलात रुतून राहिल्यामुळे कीड लागली नव्हती. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर कुणीतरी तो बाजूला टाकला. मासळी आणायला गेलेल्या विमलाला तो दिसला. लाकडावर कमळ कोरलेलं होतं. सहा पाकळ्यांचं, एक पाकळी आखूड. शिवाचा हात तिथे घसरला होता आणि त्यावरून ती त्याला वर्षभर चिडवत होती.

तिने मासळीची पाटी तिथेच ठेवली. लाकूड डोक्यावर घेऊन ती चालत घरी आली.

नव्या होडीच्या नाळेत जुन्या होडीचं लाकूड सांधायचं, ही भाटकरांच्या घरची रीत. शिवाच्या होडीत त्याच्या बापाच्या होडीचं होतं. विमलाने भागोजीसमोर लाकूड ठेवलं आणि एवढंच म्हणाली, "भावोजी, ह्या बाबूच्या होडीत बसला पाहिजे."

भागोजीने लाकडाला जीभ लावली. मग परसात गुरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोण होती, ती घासून घेतली.

तिथपासून डोणीवर गोणपाट आलं आणि गोणपाटाखाली काय आहे याची वाडीभर चर्चा सुरू झाली. लाकूड आहे हे सगळ्यांना सांगितलं होतं, पण लाकडासाठी इतका कोण राबतो? शेजारचा धाकू कुंपणावरून रोज विचारायचा.

"काय भागोजी, सोना भिजत घातलंस काय?"

"होय. मोड आले की वाटीभर देतो."

धाकू हसायचा, पण जाताना डोणीकडे बघून जायचा. एकदा भागोजी बाजारात गेलेला असताना कुणीतरी गोणपाट उचलून आत हात घालून बघितलं. परत येऊन भागोजीने सांडलेलं पाणी पाहिलं. तो कुणावर चिडला नाही. हरिहरला म्हणाला, बघितलं ते बरं झालं, आता एक माणूस तरी विचारायचा थांबेल.

थंडीत सगळं सोपं होतं. अंगणातल्या विहिरीचं पाणी गोडं होतं. फाल्गुन सरला आणि विहीर मचूळ झाली. मिऱ्याच्या विहिरींचं दर उन्हाळ्यात तसंच होतं, समुद्र आत शिरतो. आता गोडं पाणी म्हणजे डोंगराच्या बाजूची विहीर. चढाची वाट, आणि तिथे बायकांची रांग. पिण्याचं पाणीच पुरत नव्हतं. अशात एक माणूस कळशीने पाणी नेतो आणि लाकडावर ओततो, हे कुणाला पटणार? बायका उघड बोलल्या. एकीने विमलाला विचारलं, तुमच्या लाकडाला ताप आलाय का.

भागोजीने वाद घातला नाही. तो सगळ्यांचं भरून होईपर्यंत थांबू लागला. सगळ्यांचं भरून व्हायला दुपार व्हायची. तळाशी पाझरलेलं पाणी तो भर उन्हात शेंदायचा, गाळायचा आणि खांद्यावर कळशी घेऊन उतरायचा. हरिहर रविवारी आला की एक कळशी घ्यायचा. इतर दिवशी तो एकटाच. अर्ध्या वाटेवर काजूच्या सावलीत बसायचा. दम टाकून झाल्यावरसुद्धा बसून राहायचा. पुन्हा उठायचं आहे, याचाच त्याला कंटाळा आलेला दिसायचा.

"दादा, आता बास नाही का?" हरिहरने एकदा विचारलं.

"बास झाला की लाकूडच सांगंल," भागोजी म्हणाला. मग डोणीतलं पाणी बोटावर घेऊन त्याच्यापुढे धरलं. "बघ."

हरिहरने चाखलं. त्याला साधं पाणी लागलं. भागोजी म्हणाला, अजून वायच, किंचित, खारट आहे. शिकून घे. हरिहर म्हणाला, मला नाही यायचं ते.

वैशाखात बाबूचा सुतार लाकडं तासून तयार झाला. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात ढकलायची होती. नाळ बसवल्याशिवाय पुढचं काम अडत होतं. बाबू परसात आला तेव्हा हरिहर तिथेच होता.

"काका, मी लाकूड नेतंय."

"आता नको. पावसाच्या पागोळ्या मिळू दे. मग सावलीत सुकवायचा. पुढच्या सालात दे सुताराला."

"पुढच्या सालात? लोक हसतात मला. घरात सोना बुडवून ठेवलाय आणि होडीला नाळ नाय म्हणतात."

"आता काढलास तर महिन्यात चिरफळ्या होतील. मीठ आत बसलाय, बाबू. ता ओढून काढता येत नाय."

"मंग राहू दे. मी नवीन लाकूड घालतो. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. अजून किती भिजवणार?"

भागोजीने कानावरची विडी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि परत ठेवली. मागच्या दारात विमला उभी होती.

"सुताराला सांग थांबायला," ती बाबूला म्हणाली. "मी थांबले नाय?"

बाबू निघून गेला. पण नवीन लाकूड त्याने घातलं नाही. सुतार तोवर दुसऱ्या कामाला गेला.

हे झालं आणि भागोजीने कळश्या वाढवल्या. आधी दिवसाआड पाणी बदलायचा, ते रोज बदलू लागला. घाईने मीठ निघत नाही हे त्यानेच सांगितलं होतं. तरी तो घाई करत होता. विमलाने दोनदा सांगितलं, भावोजी, एक दिवस राहू दे. तो म्हणायचा, सुतार थांबलाय.

त्या दिवशी सकाळीच त्याने डोण रिकामी केली, जुनं पाणी माडाच्या बुंध्यात ओतलं आणि लाकडावर ओलं गोणपाट टाकलं. दुपारी दोन कळश्या आणून ओतल्या. तिसरी आणताना तो काजूखाली बसला. रोज बसायचा तसाच. सरपण घेऊन वरून येणाऱ्या बायकांना वाटलं, दम खातोय. त्यांच्यातली एक हाक मारून पुढे गेली. परत येताना तिने पाहिलं तेव्हा कळशी कलंडली होती.

हरिहर स्मशानातून परसात आला तेव्हा अजून उजेड होता. विमला डोणीशेजारी जमिनीवर बसली होती. घरात माणसं होती, पण ती इथेच होती. गोणपाट तिने दुपारपासून मचूळ पाण्याने ओलं ठेवलं होतं. कुणीतरी वाटेवरची कळशी आणून भिंतीशी ठेवली होती. स्मशानात निघायच्या आधी बाबू डोंगरावर जाऊन आला होता. त्याने आणलेल्या दोन कळश्या डोणीच्या कडेला भरलेल्या उभ्या होत्या.

"ओतलं नाहीत?" हरिहरने विचारलं.

"ते चव बघितल्याशिवाय ओतत नव्हते," विमला म्हणाली. "सगळा गोडा घालायचा की थोडा खारा मिसळायचा, ता मला ठाऊक नाय. तू होतास ना त्यांच्याबरोबर?"

हरिहर खाली बसला. डोणीत बोट बुडवून जिभेला लावलं. परत लावलं. बाबू दारात येऊन उभा राहिला होता. दोघंही त्याच्याकडे पाहत होती.

त्याला साधं पाणीच लागलं.

विमलाने गोणपाट पिळून पुन्हा पसरलं. ते एका बाजूने आखूड पडत होतं. डोण अर्धीच भरलेली होती. कमळ अजून पाण्याच्या वर होतं.