नवख्याचा चहा

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण नेव्हिल एंटविसलला पाहूनच कुणीतरी केली असावी. इंग्लंडमधल्या बर्नलीच्या अग्निशमन ठाण्यात सव्वीस वर्षं काढलेला हा गडी. पुठ्ठ्याच्या कारखान्याला लागलेल्या आगीत उजव्या हाताची दोन बोटं गेली, डाव्या हातावर मांडीची कातडी आणून चिकटवली. तोऱ्याला मात्र साधा चटकाही बसला नाही.

जायबंदी जवानांना पुन्हा उभं करणारी एक धर्मादाय संस्था होती. दर सप्टेंबरला ठाण्याच्या अंगणात लोकांच्या गाड्या धुऊन तिच्यासाठी पैसे जमवायचे, आणि त्यात नेव्हिल सगळ्यांच्या पुढे. "घासा रे जोरात," तो ओरडायचा, "लुळ्यापांगळ्यांचं पुण्य लागेल!" आता त्याच संस्थेच्या समुद्राकाठच्या केंद्रात जायची पाळी आली, तर साहेबांना लाज वाटू लागली. देताना छाती फुगवणाऱ्यांची घेताना मान वाकत नाही, ती अशी.

"मी नाही जाणार. ते दुबळ्यांसाठी आहे."

"मग मी जाते बहिणीकडे," त्याची बायको ब्रेंडा म्हणाली. आठ महिने ती त्याला घास भरवत होती, त्याच्या शर्टाची बटणं लावत होती. उचलून उचलून तिचा खांदा निकामी झाला होता. "दोन आठवडे राहून ये. पण जसा गेलास तसाच आलास, तर मी या घरात नसेन, नेव्ह. मस्करी नाही करत."

गेला बापडा. पहिल्याच सकाळी तिथल्या जोन नावाच्या उपचार करणाऱ्या पोरीने त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि किटली दाखवली. "आज सगळ्यांचा चहा तुम्ही करा."

हाताचा व्यायाम होता तो, दुसरं काही नाही. पण नेव्हिल लालबुंद झाला. ठाण्यात चहा करायचा तो सगळ्यात नवख्या पोराने! अशी कित्येक पोरं त्याने किटलीला जुंपली होती, आणि चहा पातळ झाला म्हणून त्यांच्या देखत मोरीत ओतला होता.

"मी तुकडीचा प्रमुख होतो, चहावाला नव्हे!" असं म्हणून तो खोलीत जाऊन फुगून बसला.

हे ऐकून डगी खदखदून हसला. हा केंद्रात उपचार घेणारा दुसरा जवान, ग्लासगोचा, एक पाय गुडघ्याखाली नसलेला. "इथे शेवटी कोण आलं? एंटविसल. म्हणजे नवखा तोच. नियम म्हणजे नियम, बाबांनो. तो करेपर्यंत कुणी चहा प्यायचा नाही."

आणि सात मोडकी माणसं खरोखरच चहाविना बसली. दोन दिवस! त्या लोकांचं ते आमरण उपोषणच म्हणायचं.

तिसऱ्या दिवशी नेव्हिल किटलीपाशी गेला. डगीच्या भीतीने नव्हे, ब्रेंडाच्या. पाणी ओट्यावर सांडलं, दूध बाहीत गेलं, दोन कप फुटले. पाऊण तास लागला.

डगीने घोट घेतला. "हे काय, गाड्या धुतलेलं पाणी? उद्या जरा कडक कर."

कुणी शाबासकी दिली नाही, कुणी हळहळलं नाही. नेव्हिल खोलीत जाऊन लहान मुलासारखा रडला, आणि दुसऱ्या दिवशी चहा जरा कडक केला. मग जायच्या दिवसापर्यंत त्यानेच केला.

घरी परतला तेव्हा ब्रेंडाची बॅग भरून दाराशीच ठेवलेली होती. तिने किटलीकडे हात नेला तशी त्याने तिला बसवलं. "चहा माझा." तीन बोटांत कप धरून, थोडासा बशीत सांडत, त्याने तो तिच्यापुढे आणून ठेवला आणि छाती फुगवून कौतुकाची वाट पाहत उभा राहिला.

ब्रेंडाने सावकाश घोट घेतला. "चांगला झालाय," ती म्हणाली. "एकतीस वर्षं झाली आपल्या लग्नाला, नेव्ह. दहा बोटं होती, तेव्हा एकदा तरी केला असतास."

ब्रेंडाने कप पुढे केला.

"आणखी ओत. आणि ती बॅग वर ठेवून ये."