गुणाची सुई

“ही कावीळ तुमच्या पाण्यातून आलेली दिसत नाही. ती सुईतून आली असावी,” असे मुंबईच्या इस्पितळातील डॉक्टरांनी मला सांगितले, तेव्हा माझे डोळे हळदीसारखे पिवळे झालेले होते, तरीही मी अंथरुणात उठून बसलो आणि जबाबदार कोण, असे विचारले. डॉक्टरांनी मला पुन्हा आडवे केले.

आजाराचे नाव त्यांनी सीरम हेपटायटिस असे सांगितले. एका रोग्याच्या रक्ताचा डोळ्यांना न दिसणारा अंश सुईत किंवा सिरिंजमध्ये राहतो, तो दुसऱ्याच्या अंगात जातो आणि काही महिन्यांनी त्याचे यकृत सुजते. मागच्या काही महिन्यांत इंजेक्शने घेतली होती का, हा त्यांचा पहिला प्रश्न होता. घेतली होती. हिवतापानंतर अशक्तपणा राहिला म्हणून आमच्या डहाणूच्या दवाखान्यात ताकदीची इंजेक्शने घेतली होती.

सुरुवात साधी होती. तळलेल्या बोंबलांचा वास सहन होईना. लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली. डहाणूत आमच्या मसोली भागातल्या शेजाऱ्यांनी गळ्यात काविळीची माळ घालायला आणली. ती मी कोणत्या आधारावर घालावी, असे विचारल्यावर ते पुन्हा फिरकले नाहीत. इस्पितळात विश्रांती, ग्लुकोज आणि बिनतेलाचे जेवण एवढेच उपचार होते. कॉटवर पडून मी एकच गोष्ट आठवत होतो: ती सुई.

आमच्या दवाखान्यात एक सुई प्रसिद्ध होती. जसा एखाद्या वैद्याला हातगुण असतो, तसा त्या सुईला गुण आहे, असा लोकांचा समज होता. तिने बरे झालेले लोक इतरांना सांगत आणि बाजाराच्या दिवशी तलासरीकडच्या पाड्यांवरून आलेली माणसे तीच सुई मागून घेत. कंपाउंडर बाबूभाई स्वभावाने भला माणूस. तो तिला स्पिरिटचा बोळा फिरवी आणि पुढच्या दंडात टोची. सकाळी एकदा उकळलेले भांडे दिवसभर पुरे. मला तर त्याने ती मानाने दिली होती. “अप्पा, तुमच्यासाठी खास,” असे म्हणून.

मी घरी परतलो तो चालता यायला लागले म्हणून, बरा झालो म्हणून नव्हे. त्याच सुमारास आमच्या सौ.चा खोकला हटेना. थुंकीची तपासणी झाली, एक्स-रे निघाला. क्षय. स्ट्रेप्टोमायसिन नावाचे इंजेक्शन रोज, कित्येक आठवडे. आणि ते देणारा दवाखाना आसपास एकच होता, तोच. इंजेक्शन टाळले तर क्षय तिला सोडणार नव्हता. घेतले तर रोज त्या सुईची भीती.

मी लेखणी उचलली. आयुष्यभर कोर्टकचेरीत कारकुनी केल्यामुळे अर्ज कसा लिहावा, हे मला कोणी शिकवायला नको. ठाण्याला जिल्हा कचेरीत लिहिले, मुंबईला लिहिले, स्मरणपत्रे पाठवली. दवाखाना रस्त्यापलीकडे असूनही डॉक्टरांना रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस दिली. ठाण्याहून उत्तर आले की विषय विचाराधीन आहे. डॉक्टरांनी निरोप पाठवला की गर्दीच्या दिवशी प्रत्येकासाठी उकळत बसलो तर पाड्यावरच्या लोकांची शेवटची मोटार चुकेल. बाबूभाई हसून म्हणाला, “अप्पा, कायदा कोर्टात. इथे लाइन आहे.” सुई उकळण्यास भाग पाडणारे कलम मी शोधत राहिलो. मला ते सापडले नाही.

इंजेक्शनांचा पहिला दिवस नेमका बाजाराचा निघाला. बाके भरलेली होती. बाबूभाईने आदल्या रोग्याच्या दंडातून सुई काढली, बोळा फिरवला आणि सौ.कडे वळला. मी बोलायला उभा राहिलो, तोच तिने मला पदराआडून खूण करून बसवले आणि आपला हात मागे घेतला.

“आधी उकळा, बाबूभाई.”

“काकी, ही गुणाची सुई छे. सगळे हीच मागतात.”

“असू दे की. गुण खरा असेल तर उकळून जायचा नाही. दुसऱ्याचा रोग मात्र जाईल. आमचे हे बघा, अजून डोळे पिवळे आहेत.”

सगळी बाके माझ्या डोळ्यांकडे पाहू लागली. आयुष्यात पहिल्यांदाच मी पुरावा म्हणून हजर होतो. मग पोराचा दंड उघडा करून बसलेल्या एका वारली बाईने त्याची बाही खाली ओढली. “माझ्या पोराला पन उकालूनच दे,” ती म्हणाली. तिच्यामागच्या माणसाने मोटार चुकली तर चालत जाऊ, असे सांगितले. कोणी उठले नाही, कोणी हात पुढे केला नाही.

डॉक्टर आतून बाहेर आले. त्यांनी बाकांकडे पाहिले आणि घरातला दुसरा स्टोव्ह आणवला. “पाण्याला उकळी फुटल्यावर वीस मिनिटे. सुई आणि सिरिंज दोन्ही. प्रत्येकाची वेगळी,” ते म्हणाले. पुढच्या बाजारापर्यंत त्यांनी सुयांचा नवा संच मागवला. याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे आणि तसे त्यांना लेखी कळवले आहे.

सौ.ची थुंकी स्वच्छ झाली. त्या वर्षी विवळवेढ्याच्या जत्रेत ती माझ्यापुढे चालत होती आणि थांबून माझी वाट पाहत होती.

वाचकहो, आपला किंवा आपल्या माणसाचा दंड पुढे करण्याआधी सुई उकळली का, एवढे विचारा. त्यासाठी कलम लागत नाही. हे मला उशिरा कळले. मी अजूनही अर्ज लिहितो, पण आता आधी सौ.ला वाचून दाखवतो.

परवा आगर गावची मासळीवाली दारात आली. तिच्यासोबतच्या नव्या बाईने मी कोण, असे विचारले. “हे? उकळून घेणाऱ्या काकींचे मालक,” ती म्हणाली. इतकी वर्षे मी सहीखाली हुद्दा लिहीत आलो. याहून मोठा हुद्दा मला मिळालेला नाही.