हे नाव आधीच घेतलेलं आहे

मी नावांचे नियम लिहिते असं सांगितलं की लोकांना वाटतं, ही बारशासाठी अक्षरं काढून देते. तसं नाही. वागळे इस्टेटमध्ये, एका पत्र्याच्या वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर आमचं छोटं ऑफिस आहे. आम्ही वाचनालयांसाठी सॉफ्टवेअर करतो. त्यात प्रत्येक सभासदाच्या दोन ओळखी असतात. एक मेंबर नंबर. तो सिस्टिम देते, कधी बदलत नाही, आणि सभासद सोडून गेला तरी तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळत नाही. दुसरं युजरनेम, ते सभासदानं स्वतः निवडायचं. निदान चार अक्षरं हवीत, सुरुवात आकड्यानं नको, मध्ये जागा नको, आणि एका वाचनालयात एकाच नावाचे दोघं नकोत. कुणी तसं करायला गेलं तर स्क्रीनवर येतं, 'हे नाव आधीच घेतलेलं आहे.' हे वाक्य माझं आहे. अशी बरीच वाक्यं माझी आहेत आणि मला त्यांचा भारी अभिमान होता.

मध्यंतरी डोंबिवलीच्या एका वाचनालयातल्या ग्रंथपाल बाईंचा वैतागून फोन आला. सभासद वाट्टेल ती नावं घेतात म्हणे. "स्वीटहार्टनं चार महिने कादंबरी परत केलेली नाही. आता मी काय फोन करून विचारू, स्वीटहार्ट आहेत का घरात?" मी हसले आणि त्याच दिवशी नवा नियम घातला. युजरनेमची सुरुवात आधारकार्डावरच्या नावानंच झाली पाहिजे. तीनदा चुकलं तर सिस्टिम स्वतःच नाव देऊन टाकेल, आधारवरचं नाव आणि पुढे तीन आकडे. शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली, "अगं, लोकांना जरा मजा करू दे की." मी म्हटलं, मजा करायला दुसऱ्या जागा आहेत. मी अशीच आहे. घरीसुद्धा माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या असतात.

त्याच वाचनालयात मी आईला सभासद करून दिलं होतं. लग्नाआधी कल्याणला असताना तिचं वाचनालयाचं कार्ड होतं, हे ती कधीकधी सांगायची. आठवड्याला दोन पुस्तकं, आणि परत करताना दोन ओळी अभिप्राय लिहायची वही. लग्न ठरल्यावर ते कार्ड परत केलं. मग सासर, आम्ही दोघी बहिणी, सासूबाईंचं आजारपण, आणि पुस्तकं जी मागे पडली ती पडलीच. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही अभिप्रायाची सोय आहे. वाचलेल्या पुस्तकावर दोन ओळी लिहायच्या, खाली आपलं युजरनेम येतं आणि ते सगळ्या सभासदांना दिसतं. हे सांगितल्यावर आई नुसती "बरं" म्हणाली, पण फोन हातात घेऊन "कुठे लिहायचं ते?" असं दोनदा विचारलं.

सोमवारी सकाळी मी सिस्टिमनं नाकारलेल्या नावांची यादी बघत होते. एका सभासदानं एकच नाव लागोपाठ तीनदा टाकलं होतं, तिन्ही वेळा नाकारलं गेलं होतं, आणि शेवटी सिस्टिमनं आधारवरचं नाव देऊन टाकलं होतं. मी म्हणणार होते, आहे एकेकाची चिकाटी. तेवढ्यात मेंबर नंबर दिसला. तो मीच काढून दिलेला, आईचा. आणि तिनं तीनदा टाकलेलं नाव माझ्या काकूचं होतं. काकू म्हणजे बाबांच्या थोरल्या वहिनी, आईच्या मोठ्या जाऊबाई. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

आई सत्तरीला आलेली. या वयात माणसं विसरायला लागतात, माणसांत माणसं मिसळायला लागतात. मी जिन्यात जाऊन फोन लावला.

"आई, काल युजरनेम टाकताना काही गडबड झाली का गं?"

"झाली असेल. ते जाऊ दे. दिलंय ना त्यानं नाव."

"तू काकूंचं नाव टाकत होतीस. तीनदा."

खाली वर्कशॉपमध्ये पत्रा कापत होते. मला वाटलं, तिला ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "काकूंचं नाही गं. माझंच आहे ते."

बँका फोनवर विचारतात म्हणून आईचं माहेरचं आडनाव मला पाठ होतं. माहेरचं नाव मात्र मला कुणीच कधी विचारलं नव्हतं. आजोळी तिला सगळे ताई म्हणायचे, आम्हीही तेच ऐकत आलो. लग्नात तांदळात अंगठीनं नवं नाव लिहितात हे मी दहा लग्नांत पाहिलंय, टाळ्या वाजवल्यात, पेढे खाल्लेत. पण आईचं नाव का बदललं, ते तिनं त्या दिवशी फोनवर पहिल्यांदा सांगितलं. घरात थोरली सून त्याच नावाची होती. एका घरात एका नावाच्या दोघी नकोत, हाक मारली की दोघी धावत येतील, असं सासूबाई म्हणाल्या. त्यांचं म्हणणं कुणाला वावगं वाटलं नाही. आईलाही नाही.

"मग आता का?" मी विचारलं.

"त्या होत्या तोवर कसं मागू? त्यांचं होतं ते. आता म्हटलं, कार्ड माझं, लिहिणारी मी. पण आधारवर नाही ना ते नाव. बरोबर आहे त्यांचं."

'त्यांचं' म्हणजे माझं. तो नियम कुणी लिहिलाय, हे तिला माहीत नव्हतं. एकदा सासरनं तिचं नाव बदललं आणि दुसऱ्यांदा मी, तेही पुढे तीन आकडे चिकटवून. मला इतकी लाज वाटली की मी तिला ते सांगूच शकले नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

फोन ठेवून मी जागेवर आले आणि तो नियम पुन्हा वाचला. माणूस कोण आहे हे ओळखायला मेंबर नंबर होताच. ते काम मी उगाच नावाच्या गळ्यात बांधलं होतं. ग्रंथपाल बाईंना फोन करून सांगितलं की यापुढे सभासद नंबरावरून शोधायचा, फोन करताना खरं नाव नंबराशेजारी दिसेल, आणि युजरनेम मात्र ज्याचं त्याला हवं ते. त्या जरा कुरकुरल्या. सहकारी म्हणाली, "स्वतःचाच नियम काढतेयस? तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं, आहे.

रविवारी वर्तकनगरच्या माझ्या घरून डोंबिवलीला आई-बाबांकडे गेले. बाबा आरामखुर्चीत पेपर वाचत होते. बाबा आईला 'अगं' म्हणतात. ज्या नावासाठी ताटभर तांदूळ मांडले, ते त्यांनी आमच्यासमोर कधीच उच्चारलेलं नाही. मी आईला म्हटलं, पुन्हा टाकून बघ. तिनं चष्मा लावला आणि एकेक अक्षर दाबत ते नाव लिहिलं. खाली हिरवी ओळ आली, 'हे नाव उपलब्ध आहे.'

"उपलब्ध म्हणजे?"

"म्हणजे कुणाकडे नाहीये. तू घेऊ शकतेस."

"नीट बघ हं. नंतर कुणी म्हणायला नको."

"बघितलं, आई."

तिनं बटण दाबलं. मग तासभर आमच्याकडे पाठ करून बसली आणि दोन ओळी लिहिल्या. मी वाकून पाहिलं तर ओरडली. लिहून झाल्यावर फोन तसाच टीपॉयवर ठेवून ती थालीपीठं लावायला आत गेली.

बाबांनी पेपर बाजूला ठेवला. "बघू, काय लिहिलंय." त्यांना कुठलीही गोष्ट मोठ्यानं वाचायची सवय आहे. त्यांनी दोन्ही ओळी वाचल्या आणि खालच्या नावापाशी थांबले. फोन जरा लांब धरला. मग ते नाव त्यांनी स्पष्ट, पूर्ण वाचलं.

"ओ!" आतून आई म्हणाली.

मग तव्याचा आवाज थांबला. उलथनं हातात घेऊन ती दारात आली. "काय म्हणालात?"

बाबांनी पुन्हा एकदा तेच नाव घेतलं.