सेकंदाला पन्नास

'सिनेमॅटिक' हा शब्द कोणी उच्चारला की आजही माझं डोकं फिरतं.

मी अमरावतीत व्हिडिओ शूटिंग करते. लग्नं, गॅदरिंग, कबड्डीचे सामने, जे येईल ते. व्हिडिओ म्हणजे शेवटी एकामागून एक पळणारे फोटो. सेकंदाला किती घ्यायचे ते काम पाहून ठरवावं लागतं. भाषण करणारा माईकसमोरून हलत नाही, त्याला पंचवीस फ्रेम पुरतात. नवरीची पाठवणीही मी पंचवीसवरच घेते; हालचाल जराशी ओघळते, ती डोळ्यांना मऊ वाटते. उधळलेली हळद सावकाश खाली येताना दाखवायची तर शंभर लागतात. कबड्डीला पन्नास, नाहीतर पाय रेषेला लागला की नाही यावरून मारामारी. पण पन्नासची खरी गरज मला मैदानावर नाही, घरात कळली. माझ्या थोरल्या बहिणीला ऐकू येत नाही.

ताई अकोल्याला कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिक्षिका आहे. तिची भाषा हातांची. लहानपणापासून आम्ही हातांनीच भांडलो, हातांनीच चहाड्या केल्या. तिचं बोलणं मला वऱ्हाडीतच ऐकू येतं. ती अकोल्याहून व्हिडिओ कॉल करते तेव्हा नेटवर्क अडखळलं की तिचे हात मध्येच गोठतात आणि अर्धं वाक्य गळून पडतं. ती चिडते, मीही चिडते. बोटं कशी हलली हे दिसलं नाही तर शब्दच गेला.

मागच्या वर्षी अकोल्याच्या एका संस्थेनं ठरवलं, ऐकू न येणाऱ्या आईबापांसाठी व्हिडिओ करायचा. लेकराला ताप आला तर औषध किती द्यायचं, किती वेळानं द्यायचं, दवाखाना कधी गाठायचा. ताई हातांनी सांगणार, मी शूट करणार. मला इतका आनंद झाला होता की मी पैशाचं बोलायचंच विसरले. शाळेच्या वर्गात निळा पडदा लावला, ताईला गडद साधा कुर्ता घालायला लावला, म्हणजे हात उठून दिसतील. कॅमेरा पन्नासवर लावला. एडिटिंग संस्थाच करणार होती, म्हणून कॅमेऱ्याचं कार्ड देताना तिथल्या साहेबांना मी दोनदा बजावलं, "हे पन्नासवर घेतलंय, शेवटपर्यंत पन्नासच ठेवा. हातांची भाषा आहे."

"हो हो, मॅडम," ते मोबाईलमध्ये बघत म्हणाले.

व्हिडिओ पहिल्यांदा दाखवला तो शाळेच्या हॉलमध्ये, शनिवारी दुपारी. शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुणे, सगळा थाट. समोरच्या बाकांवर ज्यांच्यासाठी हा खटाटोप केला ते लोक. एक जोडपं तर धारणीहून आलं होतं, बाईच्या मांडीवर तान्हं लेकरू.

पडद्यावर ताईनं नमस्कार केला, तोवर ठीक होतं. मग तिचे हात चालायला लागले आणि मी खुर्चीतून अर्धी उठले. पन्नासच्या चोवीस केल्या होत्या. त्यासुद्धा दोन-दोन फ्रेम एकमेकींत कालवून. प्रत्येक हाताच्या मागे एक पुसट हात. दोन बोटं वर केली की शेजारी आणखी दोन भुतासारखी. औषधाचं नाव तिनं बोटांनी अक्षर-अक्षर करून सांगितलं होतं, त्याचा नुसता धूर झाला होता. आणि वरून बासरी! तबला! ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या व्हिडिओला पार्श्वसंगीत!

धारणीच्या बाईनं शेजारणीला खुणेनं विचारलं, "दोन चमचे का चार?" शेजारणीनं मागच्या बाकाकडे वळून तेच विचारलं. मागच्यानं खांदे उडवले. तापानं फणफणलेल्या लेकराला दोन चमचे की चार, हे त्या बाकांवरच्या कोणालाच सांगता येईना.

ताई माझ्याकडे वळली. तिचा चेहरा लाल झाला होता. "हे काय केलंस तू? माये हात असे काहून दिसून राह्यले?"

मी केलं असं तिला वाटलं. ते मला सगळ्यात जास्त लागलं.

मी तडक साहेबांपाशी गेले. ते पाहुण्यांच्या शेजारी बसले होते.

"चोवीस कोणी केलं?"

"मॅडम, तुमचं फुटेज टीव्ही सिरियलवानी दिसून राह्यलं होतं. आता कसं सिनेमॅटिक वाटते!"

"हा सिनेमा नाही. ती बोलून राह्यली आहे. तुम्ही तिचं बोलणं पुसलं."

"खाली मराठी अक्षरं टाकली ना आपण."

"समोर बसलेल्या किती जणायले ती भरभर वाचता येतात, विचारलं का? तेवढ्यासाठीच तर हात घेतले होते!"

"आवाज खाली, मॅडम. पाहुणे हायेत. अन् पन्नास काय, चोवीस काय, लोकायले काय समजते?"

ज्या लोकांना काय समजतं असं साहेब विचारत होते, ते दहा पावलांवर बसून काहीच न समजता पडद्याकडे पाहत होते. माझा हात उठला असता. खरंच उठला असता. पण त्याआधी ताई उठली. तिनं भिंतीजवळ जाऊन प्रोजेक्टरची पिन उपटली, रिकाम्या पडद्यासमोर उभी राहिली आणि पहिल्यापासून सगळं स्वतः सांगायला सुरुवात केली. धारणीची बाई लेकरू नवऱ्याकडे देऊन पुढे येऊन बसली. तिनं प्रश्न विचारले, ताईनं चमचा हातात धरून दाखवलं. हॉलभर हात हलायला लागले.

साहेब पाहुण्यांच्या कानाशी लागले, "सर, हे आपलं सरप्राइज होतं."

दुसऱ्या दिवशी ताई माझ्याबरोबर अमरावतीला आली. घरातली पांढरी भिंत, खिडकीचा उजेड, पन्नास फ्रेम. संगीत नाही, शाल नाही. शूट झाल्यावर ताईनं स्क्रीनवर बोटाबोटाकडे निरखून पाहिलं. हात स्वच्छ होते. तरी ती मान हलवायला लागली.

"पुन्हा घे."

"आता काय झालं? सगळं दिसून राह्यलं."

"माया चेहरा पाह्य. मी कालच्या रागात बोलून राह्यली. आमच्या भाषेत चेहरासुद्धा बोलते. हे पाहून लेकराच्या मायले वाटन, औषध देलं नाही तर मी तिले मारीन."

मी पाहिलं. खरंच, ताई लेकराला दोन चमचे द्या म्हणत नव्हती, दम देत होती. आम्ही चहा केला, अर्धा तास वेगळ्याच गप्पा मारल्या आणि पुन्हा शूट केलं.

आता तो व्हिडिओ कर्णबधिरांच्या मोबाईलवर फिरतो. धारणीच्या बाईनं तिच्या ओळखीतल्या दोघींना पाठवला. पण संस्थेचा चोवीसचा व्हिडिओ अजूनही एका दवाखान्याच्या टीव्हीवर रोज लागतो. मी दोन अर्ज दिले, तीनदा फोन केले. "बघतो," म्हणतात. ताईचा राग तिनं चहाबरोबर खाली ठेवला. मला ते जमत नाही, आणि जमावं असं वाटतही नाही.