तीनदा कुलूप

छत्तिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. त्याआधी बरीच वर्षं एका ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या बंगल्यांचे नकाशे काढले. मग एक दिवस डोक्यात आलं की ज्यांना बंगला नाही त्यांच्या घरांचंही काहीतरी शिकावं, म्हणून नोकरी सोडली आणि शाश्वत नगरविकास आणि गृहनिर्माण या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घातलं. नेसरीला घरी सांगितलं तेव्हा थोरल्या वहिनीनं भाकरी थापता थापता विचारलं, "लोकांच्या घरांचं शिकणार व्हय? आणि सोताच्या घराचं काय?" सगळे हसले. मीही हसले, पण त्या दिवाळीला गावी गेले नाही.

शिवाजी पेठेत एक खोली भाड्यानं घेतली. खाली तालीम, समोर सायकलचं दुकान, दिवसभर गलका. पण त्या गलक्यात माझ्यासाठी एक शब्द नसायचा. वर्गातली मुलं बावीस-तेवीसची. ती मला आधी मॅडम म्हणायची, नंतर ताई, आणि चहाला जाताना काहीच नाही. मी स्वभावानं थोडी फटकळ आहे, एकदा दुखावले की आपणहून जात नाही. त्यामुळे दोष अगदी त्यांचाच होता असं म्हणता येत नाही. आठवडेच्या आठवडे माझ्याशी नीट बोलणारं माणूस म्हणजे चौकातली दूधवाली मावशी. आमच्याकडे संध्याकाळी म्हशी चौकात आणून उभ्या करतात, समोर धार काढतात आणि फेसाळता पेला हातात देतात. मी रोज एक पेला घ्यायची. मला दूध फारसं आवडत नाही. मावशी विचारायची, "जेवलीस का गं दुपारी?" तेवढ्यासाठी मी जायची.

प्रबंधासाठी मी एक चार मजली इमारत निवडली. पंचगंगेच्या काठच्या, दर पुरात घर सोडावं लागणाऱ्या कुटुंबांना तिथं फ्लॅट मिळाले होते. माझा प्रश्न सरळ होता: मिळालेल्या घरात लोक खरंच राहतात का? पद्धत मीच ठरवली. प्रत्येक दारावर वेगवेगळ्या दिवशी तीनदा जायचं, दहा ते पाचमध्ये. तीनदा कुलूप दिसलं की फॉर्मवर लिहायचं, 'रिकामं'. अशी कितीतरी घरं निघाली. मार्गदर्शक सर खूश झाले. म्हणाले, निष्कर्ष जोरदार आहे. मलाही वाटलं, चला, नोकरी सोडल्याचं चीज झालं.

ही घरं वाटणाऱ्या आणि मला पाहणीची परवानगी देणाऱ्या कार्यालयात मी आभार मानायला गेले. तिथल्या साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला, माझा विषय विचारला आणि मी सांगत गेले तसं मन लावून ऐकलं. किती दिवसांनी कुणीतरी माझं म्हणणं असं ऐकत होतं! मी तासभर बोलले. उठताना ते म्हणाले, रिकाम्या घरांची यादी असेल तर एक प्रत ठेवून जा, आमच्याही उपयोगाची. घराची ओळख पटेल असं काही बाहेर द्यायचं नाही, हा आमच्या विषयातला पहिला धडा. मला तो पाठ होता. तरी मी घरांच्या नंबरांसकट यादी दिली. एका कप चहाला मी विकली गेले, हे आज लिहितानाही लाज वाटते.

महिनाभरानं चौकात मावशीनं कमरेच्या पिशवीतून एक कागद काढला. "तू शिकलेली हाईस, जरा वाच की. काय म्हणत्यात ते कळंना."

कागदात लिहिलं होतं की अमुक मजल्यावरचं घर पाहणीत तीन वेळा कुलूपबंद आढळलं, लाभार्थी राहत नाहीत असं दिसतं, तरी घर परत का घेऊ नये याचा खुलासा करावा. खाली तीन तारखा होत्या. त्या तारखा माझ्या होत्या.

मी मजकूर वाचून दाखवला. मावशी म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "ऱ्हात न्हाय म्हंजे? पहाटं चारला मी न् मालक गोठ्यावर जातो, जुन्या जागंला. तिथनं रतीब, मग वैरण, मग हितं. घरला जायला आठ वाजत्यात. म्हशी काय तिसऱ्या मजल्यावर बांधू?" वर्षभर मी तिच्या हातचं दूध पीत होते आणि ती कुठं राहते हे एकदाही विचारलं नव्हतं. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मी पेला ठेवला आणि निघाले.

दोन दिवस त्या चौकातून गेलेच नाही. तिसऱ्या दिवशी गेले आणि सांगून टाकलं, की यादी मी दिली. "म्हंजे तुझंच तुला वाचाय दिलं मी," मावशी म्हणाली आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा पेला भरायला वळली.

मी कार्यालयात गेले. साहेब या वेळीही गोड बोलले. यादी आता फायलीला लागली होती. पाहणीची वेळच चुकीची होती असं मी लेखी दिलं तर ते जोडतील, पण खरं ठरणार पंचनाम्यात, शेजाऱ्यांच्या सह्यांवर. मी यादीतल्या सगळ्याच घरांसाठी लिहून दिलं. सरांनी त्याची प्रत वाचली आणि प्रबंध बाजूला सारला. म्हणाले, नव्यानं करावं लागेल, वर्ष जाईल. मी बरं म्हटलं. माझ्यावर रागवायलाही कुणी हवं होतं, पण सर नुसते दमलेले दिसले.

पंचनाम्याच्या सकाळी मावशीनं गोठा मालकांवर सोपवला होता. मी जिन्यात भिंतीला लागून उभी राहिले. साहेबांनी विचारलं, या घरात कोण राहतं? आणि आख्खा मजला बोलायला लागला. समोरची बाई तावातावानं म्हणाली, "कोण ऱ्हातं? पहाटं चारला हिच्या बादल्या वाजत्यात, माझी झोप मोडती रोज!" वरचा म्हातारा म्हणाला, "जिन्यात शेणाचं पाय कुणाचं असत्यात मग? किती येळा भांडलोय मी!" साहेबांना लिहायला जागा पुरेना. तक्रारी सांगत सांगत सगळ्यांनी सह्या केल्या, कुणी अंगठे दिले. घर मावशीकडेच राहिलं.

सगळे पांगल्यावर मावशीनं मला आत बोलावलं. "ये. आता तरी बघ, ऱ्हातोय का न्हाय ते." आत चूल नव्हती, गॅस होता, दोरीवर कपडे वाळत होते, खिडकीत घासलेल्या बादल्या पालथ्या घातल्या होत्या. मी नवा फॉर्म काढला आणि विचारायला लागले. घरात माणसं किती, कधीपासून, पाणी किती वेळ. ती सरळ उत्तरं देत गेली. मग मधेच म्हणाली, "तुझ्या घरात किती माणसं?"

"मी एकटीच."

"दिवसभर कुलूपच की मग."

"हो."

"उद्या कुणी येऊन लिहिलं, हितं कोण ऱ्हात न्हाय, तर तुझ्या जिन्यातलं कोण सांगंल?"

"सांगेल की कुणीतरी," मी म्हटलं.

"कोण?" मावशीनं विचारलं. ती टोचून बोलत नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी पेन हातात धरून आठवत बसले, आणि मला एकही माणूस आठवेना.