एका पेटीची जागा

गोणपाट झटकून पसरायचं, जीपमधलं सगळं सामान त्यावर ओतायचं आणि उकिडवं बसून एकेक वस्तू वर धरत विचारायचं, "भाऊ, हे शेवटचं कधी वापरलंत?" मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये नव्या गिऱ्हाइकाचं स्वागत असं व्हायचं. तुम्ही जरा अडखळलात की ती वस्तू बाजूला पडे. "नाय ना वापरलंत? मग कशाला वागवताव?"

गॅरेज रत्नागिरीजवळच्या पालीत, रस्त्याला लागून. १९९९ साली मी सरकारी लिलावातली एक जुनी फोर-व्हील जीप घेतली. आमची आंब्याची कलमं पालीच्या वर, कातळावर. तिथे जाणारी वाट अशी, की तिला वाट म्हणणाऱ्याचाच हात धरून एकदा तिच्यावरून न्यावं.

पहिल्या दिवशी मी ऐटीत गेलो होतो. मावसभावाने दुबईहून पाठवलेला चकचकीत पान्यांचा संच बरोबर होता. मिस्त्रींनी तो उघडला, त्यातले चार पाने काढून घेतले आणि झाकण लावून मला परत दिला. "हा शोकेसात ठेवा. पावण्यांना दाखवायला बरा."

मग त्यांनीच ताडपत्रीची एक पिशवी भरून दिली. ते चार पाने, पक्कड, हातोडी, चाकाचा पाना, जॅक, थोडी तार, कपड्याच्या साबणाची अर्धी वडी आणि फणसाच्या लाकडाची एक जाड फळी. साबण कशाला, तर डिझेलची टाकी गळली की भोकावर चोळायला. फळी जॅकखाली ठेवायला, कारण आपल्या भुसभुशीत मातीत नुसता जॅक गाडी उचलत नाही, स्वतःच खाली जातो. एवढं असलं की चाक फुटलं, टाकी गळली, तरी माणूस घरी पोचतो, असा त्यांचा हिशेब. "ही पिशवी गाडीतनं उतरवायची नाय," एवढंच त्यांचं म्हणणं असे, आणि ते दर खेपेला असे.

मिस्त्रींची साठी उलटली होती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. छातीचं दुखणं मागे लागलं तसा मुलगा मुंबईला बोलवायला लागला. "चवथ्या मजल्यावर बसून काय करू, भाऊ? जमतंय तवर इथंच." एरवी प्रत्येक गोष्टीची थट्टा करणारा हा माणूस त्या चौथ्या मजल्याची थट्टा कधी करत नसे. त्यांना त्याची भीती वाटायची. मला ते कळत होतं, तरी मी काय केलं ते सांगतो.

हंगामात आम्हा बागवाल्यांची नजर पेटीपलीकडे जात नाही. एका वैशाखात आंबा भरपूर उतरला होता. सकाळी रत्नागिरीहून निघतानाच मी पिशवी घरी पडवीत काढून ठेवली. तेवढ्या जागेत एक पेटी जास्त बसली असती, आणि बसलीही. माल भरून उतरताना निम्म्या वाटेत कातळाच्या धारेने टायर फाडला. जादा चाक मागे टांगलेलं होतं, पण ते लावायला हातात काही नाही. मी गड्याला खाली पिटाळलं. मिस्त्रींकडून जॅक आणि पाना तेवढा मागून आण म्हटलं.

तासाभराने पाहतो तर भर उन्हात मिस्त्री स्वतः चढून येताहेत. सामान त्यांच्याच खांद्यावर, आणि मागून रिकाम्या हाताने, ओशाळलेला गडी.

"तुम्ही कशाला आलात?" मी ओरडलोच.

"नुसता जॅक पाठवला असता तर उतारावर लावून गाडीखाली गेला असतात." दम खात त्यांनी गाडीच्या मागे डोकावून पाहिलं. "आपली पिशवी?"

"गडबडीत घरी राहिली," मी म्हणालो.

ते चाकाकडे वळले. चाकांना दगड लावले, फळी ठेवली, चाक बदललं. मग एका कलमाच्या सावलीत बसले ते छातीवर हात ठेवूनच. ओठ काळे पडले होते. मी त्यांना उचलून पुढच्या सीटवर घातलं आणि थेट रत्नागिरीचा दवाखाना गाठला. मागच्या आंब्यांचं पुढे काय झालं, ते मला आठवतही नाही.

ते वाचले. पण डॉक्टरांनी पाना उचलायलाही बंदी केली. महिनाभर त्यांनी घरी झोपून काढला, मग मुलगा न्यायला आला. मी एसटी स्टँडवर गेलो. मुलगा सामान वर चढवत होता, तेवढ्यात म्हणालो, "मिस्त्री, पिशवी राहिली नव्हती. पेटीसाठी मीच काढली होती."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "तिच्या जागी पेटी होती. बघितली मी."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"बोलून काय चाक बदललं असतं?"

रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. कंडक्टरने घंटी मारली. एसटीची पहिली पायरी चढून मिस्त्री थांबले, दुसरी त्यांना जमेना. मी हात पुढे केला. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाचा आधार घेतलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी माझा हात घट्ट धरला. त्यांचा तळवा मऊ पडायला लागला होता.